वाघजाईचा पांगारा

"आवं, पान हाय त्ये, नोट न्हवं. किती उलटसुलट करून बघताय?"

आकाराम गुरवाची बायको अंबूबाई हंडा कमरेवर घेऊन उभी होती. आकारामनं पान सोडलं नाही. अंगठ्यानं खालची बाजू चोळत राहिला. गुळगुळीत. वाघजाईच्या पांगाऱ्याचं पान खालून वासराच्या कानासारखं असायचं, मऊ लवेचं. हे पान चांगलं होतं, निरोगी होतं, पण लव नव्हती.

"माती बदलली की पान बदलतंय," अंबूबाई म्हणाली. "गाईचं दूध न्हाई बदललं हितं आल्यावर?"

"दूध बदललं. गाय न्हाई बदलली."

तिनं हंडा झाडाच्या बुडाशी रिता केला. भावानं आणलेल्या या झाडाचा विषय निघाला की ती अशीच गप्प व्हायची, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाही आकारामला संशय यायचा.

पान शोधूनच काढावं लागलं होतं. बाकी सारा पांगारा उघडा पडला होता आणि फांद्यांच्या टोकांना वाघनखासारख्या लाल कळ्या आल्या होत्या. कवठे महांकाळच्या त्या तापलेल्या माळावर, पत्र्याच्या शेडांच्या रांगेपुढं, तेवढाच एक रंग होता.

जांभळेवाडी ब्याण्णव साली उठली. अभयारण्य झालं, गाव वारणेच्या खोऱ्यातून उचलून इकडं दुष्काळी मुलखात आणून ठेवलं. वाघजाईचा तांदळा, म्हणजे बिनघडलेला शेंदरी दगड, ट्रकमध्ये पोत्यावर बसवून आला. पण आई ज्याच्या सावलीत बसायची तो पांगारा कसा आणणार? आणि पांगाऱ्याशिवाय कौल नाही. वाडीत लग्न ठरायचं, विहीर खोदायची, घराचा पाया काढायचा, तर त्या झाडाच्या दोन पाकळ्या आकारामनं तांदळ्याला पाण्यानं चिकटवायच्या आणि आईला विचारायचं. उजवी आधी पडली तर होय. दुसऱ्या कुठल्या झाडाची पाकळी चालत नसे. आकारामच्या आज्यापासून चालत आलेली रीत.

पांगाऱ्याची फांदी रोवली तरी फुटते. म्हणून अंबूबाईचा भाऊ सयाजी रानात गेला आणि आईच्या झाडाची फांदी घेऊन आला. त्या दिवसांत आकाराम तापानं पडून होता, नाहीतर स्वतःच गेला असता. फांदी रोवली, फुटली, वाढली. वाडी मात्र पत्र्याखालीच राहिली. झाड फुलेल, कौल होईल, मग पाया काढू, असं म्हणत पाच उन्हाळे भाजून निघाले.

आता कळ्या आल्या होत्या आणि हरणाबाई सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जात होती. वाडीत तिच्याएवढं वयाचं कोणी उरलं नव्हतं.

"आकाराम, जत्रंला फुलतंय बघ!" ती लांबूनच ओरडली. "पैला कौल माजा. धोंडं गोळा करून ठेवल्यात मी. पत्र्याखाली मराय न्हाई मला."

"व्हय, मावशी."

"व्हय म्हनताना तोंड का वाकडं?"

"ऊन लागतंय."

ऊन कसलं! फांदी आली तेव्हा ती केळीच्या सोपटानं, खोडाच्या वाळल्या सालीनं, बांधलेली होती. जंगलातून आलेल्या माणसाला केळीचं सोपट कुठं मिळालं? सयाजीच्या पटक्यात ताजी, ओली नागवेलीची पानं होती. आणि अंगावर करवंदीचा एक ओरखडा नव्हता. तेव्हा तापात हे ध्यानात आलं नाही. पुढं एका हंगामात आकाराम मिरजेकडं पानमळ्यात रोजगाराला गेला, आणि तिथं वेली चढवायला लावलेले पांगारे ओळीनं उभे दिसले. वेल बांधलेली होती केळीच्या सोपटानं. एक पान उलटून बघितलं. गुळगुळीत.

त्या दिवसापासून आईची पूजा करताना त्याचा हात जड झाला होता. पाणी घालावं तर वाटे, आपण कुणाच्या तरी पानमळ्यातल्या खुंटाला पाणी घालतोय. न घालावं तर वाटे, खरंच आईचं झाड असलं तर? कीर्तनाला बसला, हातात टाळ आले, तरी बुवांचं निरूपण एका कानानं जाई आणि दुसऱ्या कानात संशय गुणगुणत राही.

जत्रेला आठवडा उरला तेव्हा त्यानं अंबूबाईला सांगितलं, "मी रानात जाऊन येतो. परवानगी काढलीय. सयाजीला संगट नेतो."

अंबूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तिरकी पडली. "त्येला कशापायी?"

"वाट त्येला ठावं. फांदी त्येनंच आनलीय नव्हं?"

सयाजी आला. दाढी केलेली, तोंडात पान. तो एसटीत खिडकीशी बसला आणि सांगलीपर्यंत पान चघळत राहिला. शिराळ्याच्या गाडीत मात्र आकारामला राहवलं नाही.

"पावनं, मारिचाचं आख्यान ऐकलंय का?"

"ऐकलंय की. सोन्याचं हरीण."

"बुवा काय म्हनलं, ध्यानात हाय? त्येला बी चार पाय हुतं, शिंगं हुती, उड्या बी हरणासारक्याच. सीतामाईला बी वळखाय आलं न्हाई."

"दाजी," सयाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पान खाताय?"

"तुजं पान तुलाच लखलाभ."

सयाजीनं मान हलवली आणि चुना अंगठ्यानं पुसत बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, याचाच आकारामला जास्त राग आला. खोटं पकडलं जाणार म्हटल्यावर माणूस निदान चिडतो तरी. हा तर गाभाऱ्यात शिरावं तसा गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकानं त्यांना जुन्या वाटेला लावलं आणि स्वतः ओढ्याशी बसला. "रानातलं काय तोडू नका. दुपारच्या आत परत या," एवढं बजावलं. वाट उरलीच नव्हती. पायांनाच ती आठवत होती. वर चढावं तसं रान दाटत गेलं. ओघळीच्या दोन्ही अंगांनी जांभळी, वर कड्याच्या खडकाळ उताराला ऐन, आणि त्या सगळ्यातून मधूनच एखादी सावर, एखादा पांगारा, पान नाही, नुसता लाल. साळुंक्यांनी कालवा मांडला होता. फुलातला रस पिताना त्यांच्या पिवळ्या चोची त्या लालात उठून दिसत होत्या. आकाराम थांबला. ओघळीकाठच्या एका पांगाऱ्याच्या खाली एक वाळकं पान पडलं होतं. त्यानं ते उचलून उलटलं आणि अंगठा फिरवला. लव.

"बघितलंस?" त्यानं पान सयाजीच्या नाकासमोर धरलं. "ही लव! रानातला पांगारा असा असतोय!"

"व्हय," सयाजी म्हणाला. "असाच असतोय."

"मग तू आनलंस ते काय?"

"चला वर. मग बोला."

गाव ओळखू येत नव्हतं. जोत्यांवर करवंदी चढली होती. पाटलाच्या अंगणात गव्याचं शेण पडलं होतं. आकाराम आईच्या जागेकडं जवळजवळ पळत गेला. दीपमाळेचा चौथरा दिसला. कीर्तनाला बसायची फरसबंदी दिसली. आणि जिथं पांगारा होता तिथं आभाळ दिसलं.

जागेवर एक खड्डा होता, त्यात गवत. बाजूला भुसभुशीत, भुरकट मातीचा लांबट उंचवटा. आकारामनं त्यात हात घातला. लाकूड होतं ते. हातात घेतलं तर रव्यासारखं गळून गेलं.

मागं सयाजीनं पायातल्या वहाणा काढल्या.

"मी आलो तवा पडल्याला हुता," सयाजी मागून म्हणाला. "मुळं वर, आभाळाकडं. वरची दगडी बांधाची ताल आपन दरसाल बांधून काढायचो, आटवतंय? मानसं उठली, ताल फुटली, सारं पानी सरळ बुडात शिरलं. पैल्याच पावसाळ्यात गेला."

"त्येचीच फांदी..."

"वाळून कोळ झाल्ती. लय बघितल्या, दाजी. एक बी हिरवी न्हाई."

"मग रानातल्या दुसऱ्या कुठल्या पांगाऱ्याची घ्यायचीस! खाली शंभर उभं हायती!"

"आईच्या रानात कुऱ्हाड लावायची तर कौल पायजे. कौलाला तिच्या झाडाची पाकळी पायजे. झाड पडल्यालं. कुनाला इचारू?" सयाजीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमी तापात. वाडी ट्रकातनं उतरून माळावर उघडी बसल्याली. हरणामावशी दगडाला धरून रडत हुती. त्यास्नी जाऊन काय सांगू? आई पडली म्हनून सांगू?"

आकाराम चौथऱ्यावर बसला. त्याच्या तळहाताला ते भुरकट लाकूड चिकटलं होतं. त्यानं ते झटकलं नाही.

"अंबूला ठावं हुतं?"

"आक्काला त्याच रात्री सांगितलं. ती म्हनली, दाजींना सांगू नगंस, त्येंच्यानं पूजा हुनार न्हाई."

पाच वर्षं ती बाई हंडे वाहून त्या झाडाला पाणी घालत होती. त्याच्या आधी उठून.

उतरताना आकाराम दोनदा घसरला. दोन्ही वेळा सयाजीनं धरलं. परतीच्या गाडीत सांगली जवळ आली तेव्हा आकारामनं विचारलं, "कुनाच्या मळ्यातली?"

"आरगच्या एका म्हाताऱ्याच्या. छाटनीच चालली हुती. म्हनला, फुकट न्हे. मी म्हनलो, फुकट न्हाई न्हेत, इचारून न्हेतो."

"कुनाला इचारून?"

"झाडाला." सयाजीनं मान खाली घातली. "बुडाला नारळ ठिवला, कुकू लावलं. म्हनलं, आमची आई उन्हात बसलीया, येतीस का? म्हातारा हसाय लागला. मग त्येनं बी हात जोडलं."

आकारामनं खिडकीबाहेर बघितलं. मग हात पुढं करून म्हणाला, "एक पान दे, चुना कमी लावून."

जत्रेच्या सकाळी पांगारा फुलून पेटला होता. सारी वाडी तांदळ्यापुढं बसली. हरणाबाई पुढं, नवं लुगडं, हातात नारळ.

"तू सोता जाऊन आलास म्हनं," ती म्हणाली. "आईचं झाड बघितलंस?"

"बघून आलो."

"कसं हाय?"

आकारामनं तांब्या खाली ठेवला. आयुष्यात तो देवापुढं खोटं बोलला नव्हता. अंबूबाई बायकांत बसली होती, तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

"लय फुललंय, मावशी."

"मग एक फूल बी आनलं न्हाईस?"

"रानातनं काय आनायचं न्हाई, असा कायदा हाय."

हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. आकारामला ते बघणं नीट कळलं. आजवर ते संशयानं बघणं त्याचंच होतं.

"लाव कौल," ती म्हणाली.

त्यानं खालच्या फांदीचं फूल घेतलं. दोन पाकळ्या निवडल्या, पाण्यात बुडवल्या, तांदळ्याच्या दोन खांद्यांना लावल्या. "आई," तो म्हणाला, आणि नेहमीचे शब्द त्याला सुचलेच नाहीत. "लांबनं आलीयास तू. आमी बी. लेकरांनी आता घरं बांधावी का?"

माळावरचा वारा थांबला होता. पाण्याचा एक ओघळ दगडावरून सावकाश उतरला. मग उजवी पाकळी सुटली आणि दगडाच्या पायाशी साचलेल्या हळदीच्या पाण्यात पडली.

"उजवा! उजवा दिला!" वाडी उठून उभी राहिली. हलगी वाजली, बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं.

हरणाबाई बसूनच होती. तिनं पाकळीकडं बघितलंच नव्हतं. ती आधी आकारामकडं बघत होती, मग सावकाश, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गर्दीच्या मागं कुणाला तरी शोधू लागली.

"पाया उद्या काढू," ती म्हणाली. "आन पैली कुदळ सयाजीला मारू दे. आईला सावली त्येनंच आनली, कुठनं का असंना."

सयाजी पार शेवटी, उन्हात उभा होता. त्यानं डोक्यावरचा पटका सोडला आणि हातात धरला.