फरशीत हरवलेली पायरी

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचे एक जुने रंगचक्र आहे. एका मोठ्या चकतीवर इंद्रधनुष्यातले सगळे रंग फाकींसारखे छापलेले, प्रत्येकाच्या फिकट आणि गडद छटा शेजारी शेजारी. वर खिडक्या कापलेली दुसरी चकती, आणि मधोमध पितळी खिळा. वरची चकती फिरवली की कोणते रंग एकमेकांशी जमतात ते खिडक्यांतून दिसते.

छापखान्यात तपासनीस आम्हाला एकेक करून दिव्याखाली धरत असे. माझ्या आधीच्या चक्राचा जांभळा जरा मळकट निघाला, तर त्याने ते टोपलीत टाकले. मग मला उचलले. तेव्हा बसलेला धसका माझ्या मनातून कधी गेलाच नाही. आपला एखादा रंग चुकला तर?

मला घेतले ते घरे-दुकाने सजवणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंच्या हातात मी वर्षानुवर्षे फिरले. शेजारचे रंग घेतले की खोली शांत वाटते, समोरासमोरचे घेतले की दोन्ही उठून दिसतात. एक रंग भरपूर, दुसरा बेताचा, तिसरा नावापुरता, हे त्या माझ्याकडे बघत गिऱ्हाइकांना समजावत. लोक म्हणत, ताईंच्या भिंती एकमेकींशी भांडत नाहीत. मला आतून बरे वाटे.

पुढे ताईंच्या टेबलावर संगणक आला आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर गेले. तिथे रोज सकाळी उन्हाची तिरीप सरकत सरकत माझ्याकडे येई. मला पळता येत नव्हते. माझा लाल गुलाबी पडला, नारिंगी पार विटला. कडेला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी होती. कोणता रंग किती गडद हे तिच्यावरून ताडून बघायचे. ती तर बोटांनी आधीच पुसली गेली होती.

एके दिवशी ताईंना एका वृद्धनिवासाचे काम मिळाले. संगणकाच्या पडद्यावरचे रंग भिंतीवर वेगळेच दिसतात म्हणून त्यांनी मला पुन्हा हातात घेतले. निळा, निळा-हिरवा, हिरवा असे तीन शेजारी निवडले, तेही अगदी फिकट. भिंती, फरशी, जिना, सगळीकडे तेच. रंगारी खूश होता. म्हणाला, डोळ्यांना गारवा आहे.

मी मात्र घाबरले. रंग तीन होते, पण तिन्हींचा फिकेपणा एकच होता. पट्टी शाबूत असती तर ताईंच्या लगेच लक्षात आले असते. मला ओरडायचे होते, पण पुठ्ठ्याला तोंड कुठले?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ताई आपल्या आईला काम दाखवायला घेऊन आल्या. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वरच्या मजल्यावर ताई मला हातात धरून रंगाऱ्याशी बोलत थांबल्या, आणि आई कौतुक करत करत पुढे निघाली. जिना समोर आला तरी तिची चाल मंदावली नाही. मी बघत होते. तिने पाऊल उचलले आणि ते हवेतच गेले.

कठडा हाताला लागला म्हणून ती वाचली. घसरून पायरीवर बसली. ताई धावत तिच्यापर्यंत पोहोचल्या.

"इथे जिना होता का गं?" तिने विचारले. "मला वाटलं, फरशीच पुढे गेलीय."

ताई आईशेजारी बसल्या आणि आईसारखे अंधूक दिसावे म्हणून डोळे जवळजवळ मिटून त्यांनी खाली बघितले. पायऱ्या फरशीत विरघळून गेल्या होत्या.

उद्घाटन पुढे ढकलले. ताईंनी माझ्यावर निळ्या-हिरव्याच्या समोरचा रंग शोधला. माझा पुन्हा थरकाप उडाला, कारण तिथला गडद विटकरी उन्हाने फिका गुलाबी झाला होता. त्यावर विश्वास ठेवला तर पायरी पुन्हा हरवणार! ताईंनी तो पायरीच्या कडेला धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि वरची चकती फिरवली. इतके दिवस तिच्याखाली झाकलेल्या भागात खरा विटकरी अजून तसाच होता.

"याचा रंग एवढा कधी उडाला?" त्या हळूच म्हणाल्या.

प्रत्येक पायरीच्या कडेला गडद विटकरी पट्टा बसला, कठडाही त्याच रंगाचा झाला. मग आई एकटी जिना उतरली. मधे एकदा थांबली, पायाने कड चाचपली आणि पुढे गेली.

आता काम नसले की ताई मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतात. प्रत्येक कामावर मला सोबत नेतात आणि आईला आधी चालायला लावतात. आई कुरकुरते, मला काय कळतंय त्या रंगातलं, आणि तरी पुढे होते. मित्रांनो, तुम्ही घर, शाळा, काहीही रंगवाल, तेव्हा रंग जुळले एवढ्यावर समाधान मानू नका. अंधूक दिसणाऱ्या एखाद्याचा हात धरून त्याला आधी तिथे न्या. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूला विचारण्याआधी तिचा रंग उडाला नाही ना, एवढे बघा. आई नवी पायरी उतरते तेव्हा तिचे पाऊल नीट टेकेपर्यंत आजही माझा जीव थाऱ्यावर नसतो.