अण्णाजींच्या रंगाखाली

देवळीच्या कापडदुकानात गल्ल्यामागे प्रमिलाबाईंच्या आईचं तैलचित्र टांगलेलं होतं. आई लेकीला जन्म देऊन गेली, फोटो एकही नाही. प्रमिलाबाईंनी आई पाहिली ती एवढीच. कळायला लागल्यापासून त्यांचा नेम होता: आंघोळ झाली की देव पुसायचे, त्याच ओल्या फडक्यानं आईचं तोंड पुसायचं, कुंकू लावायचं. लग्नात चित्र सासरी आलं, नेमही आला.

पुढे चेहरा फारच पुसट झाला. चित्रालाही वय होतं, असं सगळे म्हणाले. मग त्यांच्या नवऱ्यानं, हिरालालजींनी, बायकोसाठी दुकानांच्या पाट्या रंगवणारे अण्णाजी पेंटर हौसेनं बोलावले. अण्णाजींनी डोळे वाढवले, गाल गुलाबी केले आणि आईची पार साबणाच्या जाहिरातीतली बाई करून टाकली. करायला गेले गणपती, झाला मारुती. प्रमिलाबाई नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. वरून रंग बसलाय, आई आत आहेच, या आशेवर त्यांनी आयुष्य काढलं.

म्हणून नागपूरला जुनी चित्रं दुरुस्त करणारी पुतणी ज्योत्स्ना कॅमेरे घेऊन आली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मले आईचं खरं तोंड पाह्यचं हाये."

ज्योत्स्नानं शटर ओढून जुना-नवा रंग वेगळा दाखवणारा जांभळा दिवा लावला. जुनं वॉर्निश हिरवट चमकलं, अण्णाजींचा रंग तेवढा काळा दिसला. चोर सापडला म्हणून प्रमिलाबाईंना हायसं वाटलं. मग वरच्या रंगाच्या आरपार पाहणारा कॅमेरा लागला. लॅपटॉपवर खुर्चीची नक्षी आली, निऱ्या आल्या, रंगाआधी कोळशानं काढलेल्या बोटांच्या रेघासुद्धा आल्या. चेहऱ्याच्या जागी नुसते कापडाचे धागे. ज्योत्स्नानं पुन्हा फोटो काढले. पुन्हा धागेच.

"काकू, खाली काहीच नाई," ती म्हणाली. "अण्णाजीनं कोऱ्या कापडावर रंगवलं. पहिला रंग कोनीतरी ओल्या फडक्यानं पुसून पुसून काढला."

हिरालालजींनी मान खाली घातली. प्रमिलाबाई बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं अण्णाजींना मनातल्या मनात उगाच शिव्या घातल्या, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्या फडकं घेऊन आल्या. ज्योत्स्नानं धावत येऊन हात धरला.

"काऊन अडवून राह्यली, बाई?" त्या म्हणाल्या. "आता पुसाले राह्यलं काय?"

त्यांनी हात सोडवला आणि मोठ्या डोळ्यांच्या त्या परक्या बाईचं तोंड रोजच्यासारखं हळूच पुसलं. कुंकू मात्र लावलं नाही.