शंभराच्या आत

ठिपके हिरवेच होते, दोनच होते, पण गोल होते. गवतात रुतलेल्या चेंडूकडे तो वाकून बघत होता – वाकणं म्हणजे आताशा एक कार्यक्रमच, आधी गोल्फची काठी टेकवायची, मग उजवा गुडघा, मग श्वास... लांबचं त्याला धड दिसत नसे. मारलेला चेंडू आभाळात गेला की तो गेलाच. पण हातभर अंतरावरचं दिसत होतं. आपल्या प्रत्येक चेंडूवर हिरव्या पेनाने दोन ठिपके काढून ठेवायची त्याची पंचवीस वर्षांची सवय, दुसऱ्याच्या चेंडूशी घोळ नको म्हणून. हात थरथरायला लागल्यापासून त्या ठिपक्यांना शेपट्या फुटल्या होत्या. हे मात्र छापल्यासारखे.

"सापडला बघा साहेब," मामा म्हणाले. "झाडाला आपटून इकडे आला असणार. नशीब आपलं."

मामा म्हणजे त्याचा कॅडी. सगळा क्लब त्यांना मामाच म्हणे. वयाने त्याच्याहून दोन वर्षांनी मोठे, आणि त्याची बॅग ते इतकी वर्षं वाहत होते की बॅगेचा पट्टा त्यांच्या खांद्यात बसला होता, की खांदा पट्ट्यात, कोण जाणे.

"माझाच ना?"

"मग? ठिपके आहेत की."

ठिपके आहेत की. पंधरा होलांत एक्क्याऐंशी फटके झाले होते. हा सोळावा. चेंडू हरवला म्हणावं तर एक फटका दंड, वर पुन्हा सुरुवातीला जाऊन मारायचं, म्हणजे शंभराच्या आत येण्याचं विसरा. आणि शंभराच्या आत तर यायलाच हवं होतं. रविवारी फोनवर लेक म्हणाली होती, बाबा, आता पुरे झालं एकट्याने राहणं, आणि तो तावातावाने बोलून गेला होता – गुरुवारी अठरा होल खेळतो, शंभराच्या आत आलो तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, नाही आलो तर ये आणि सामान बांध. "नक्की? शब्द?" "शब्द." दुपारी एकला ती फोन करणार होती.

त्याने चेंडू मारला. बरा गेला असावा, कारण मामा "वा" म्हणाले. पण आता त्या "वा"वरही त्याचा विश्वास राहिला नव्हता. चालताना त्याला राग येत होता, आणि पाय इतके दुखत होते की राग धड येतही नव्हता... तीस वर्षं हेडमास्तरकी केली मी. पोराचं कोपर कुठे टेकलंय यावरून कॉपी ओळखायचो. चिठ्ठी बाहीत आहे की मोज्यात, वर्गाच्या दारातून सांगायचो. आणि माझ्याच डोळ्यांदेखत हा म्हातारा...

सतराव्या होलला तो खेळापेक्षा मामांकडेच बघत होता. उजवा हात सारखा खिशात. पँट ढगळ. खिसा आतून फाडलेला असणार – चेंडू आतून सोडला की पायावरून घरंगळत बुटाशी, गवतात. ही युक्ती क्लबात सगळ्यांना ठाऊक होती. पैजेचे खेळ असले की लबाड कॅडी ती करत आणि तो स्वतः त्यावर हसला होता. आपल्या बाबतीत कुणी असं करत असेल हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अठराव्या होलच्या आधी बाक होता. बसल्यावर उठवेना. कार्डावर ब्याण्णव.

"मामा, ते ठिपके तुम्ही काढता ना?"

मामांनी बॅग खाली ठेवली. बराच वेळ ते बॅगेची चेन लावत बसले, जी लावलेलीच होती.

"चष्मा लावून काढतो साहेब. नातीचं पेन आहे. तुमच्यासारखे वाकडे काढून बघितले, जमेना."

त्याला हसू फुटलं.

"कधीपासून?"

"बाईसाहेब गेल्या त्या वर्षापासून. तेव्हा तुम्ही एकदा बॉल सापडेना म्हणून त्या वाळूच्या खड्ड्यापाशी उभे राहिलात ते अर्धा तास हललाच नाहीत. मी म्हटलं, पुन्हा असं नको." मग खालच्या आवाजात, "आणि तुम्ही खेळणं सोडलंत तर मला बॅग वाहायला कोण देणार? हल्लीच्या खेळणाऱ्या पोरांना बॅगेची ढकलगाडी पुरते."

मामा हे स्वतःसाठीही करत होते हे ऐकून त्याला बरं वाटलं. नुसती दया असती तर सोसली नसती. पण मग शेवटच्या होलवर पाय ओढत चालताना एकेक गोष्ट त्याच्या मनात यायला लागली, त्याने न बोलावता. औषधवाला पाकिटांवर केवढाल्या अक्षरांत सकाळ-रात्र लिहून देतो, आणि वर म्हणतो, सगळ्यांनाच देतो हो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना नेमकं त्याच दिवशी बँकेत काम निघतं, ज्या दिवशी त्याला असतं. स्वयंपाकवाली निघताना काहीतरी विसरल्याचं सांगून परत येते आणि गॅसचं बटण बघून जाते... विसरत ती काहीच नसावी. सगळ्यांच्याच खिशाला भोक होतं की काय? आणि मी लेकीला ताठ मानेने सांगतो, मी एकटा राहतो, मला कुणाची गरज लागत नाही. एकटा कधी राहिलो मी? बायको असताना तिने सांभाळलं, ती गेल्यावर या सगळ्यांनी वाटून घेतलं, आणि मला पत्ता लागू दिला नाही, एवढीच काय ती माझी मिजास राखली.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण थोडीच. त्याहून जास्त थकवा होता – इतकी वर्षं जे उचलून धरतोय असं वाटत होतं, ते दुसऱ्यांनीच धरलेलं निघालं, तरी हात मात्र त्याचेच भरून आले होते.

ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या तासलेल्या हिरवळीवर, पोहोचेपर्यंत सहा फटके झाले. चेंडू भोकापासून दोन हातांवर. गेला तर नव्व्याण्णव. मामा निशाण काढून बाजूला उभे राहिले, नेहमीसारखे, सावली आड येणार नाही अशा बेताने.

"सरळ आहे साहेब. किंचित डावीकडे धरा."

नव्व्याण्णव. त्यातले आपले किती आणि मामांचे किती? सोळाव्यावरचा दंड आणि पुन्हा मारायचा फटका धरला तर शंभर उलटतच होते; आणि त्याआधीच्या होलांचं कोण सांगणार? लेकीला एकच आकडा हवा होता. शब्द दिला तेव्हा त्यालाही एकच हवा होता. आता मात्र खाली वाकून उभं राहिल्यावर त्याला कळलं, की हा चेंडू आत जावा की कडेने निघून जावा, यातलं आपल्याला काय हवंय तेच आपल्याला ठाऊक नाही. असं त्याचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याला भीती वाटली. पण भीती वाटत असतानाही खांदे सैल पडत होते, आणि ते पुन्हा ताठ करावेत असं काही त्याला वाटेना.