नेट गेलं नव्हतं

स्क्रीनवरच्या तिसऱ्या उमेदवाराने मोबाईल स्टिअरिंगशेजारी अडकवला आणि सिग्नल सुटताच, बोलता बोलता गाडी पुढे काढली.

नाहिदने हातातलं पेन घट्ट धरलं. तीर्थपुरीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात लहान मुलांच्या मनोविकारतज्ज्ञाची निवड चालली होती. निवडलेला डॉक्टर दर गुरुवारी व्हिडिओवरून मुलं तपासणार होता. नाहिद बी.एस्सी. झालेली, म्हणून पालकांच्या वतीने तिला बोलावलं होतं. तिच्या कुर्त्याचं टोक धरून सहा वर्षांची अफ्रीन बसली होती. घरात अखंड बडबड करणारी अफ्रीन दीड वर्षात घराबाहेर एक शब्द बोलली नव्हती.

"इचारा ताई, काय इचारायचं ते," दवाखान्याचे अध्यक्ष काकासाहेब घड्याळ बघत म्हणाले.

नाहिदने सगळ्यांना विचारला तोच प्रश्न विचारला. "मूल बोललंच नाही, तर काय कराल डॉक्टर?"

"मोबाईल काढून घ्या त्याचा. हल्ली सगळीकडे तेच आहे." त्याच्या गाडीमागून हॉर्न वाजला.

पहिला म्हणाला होता, आईने काळजी कमी करावी. दुसरा म्हणाला होता, पुढचा पेशंट घेईन. नाहिदचे कान तापले. अफ्रीनकडे मोबाईल नव्हताच.

चौथ्या होत्या डॉक्टर शिवकन्या. साधी भिंत, मागे उघडी खिडकी. प्रश्न ऐकून त्यांनी विचारलं, "शेजारी बसलीये तीच का? खुर्ची जरा पुढे घेता?"

मग त्यांनी तळहात टेबलावर ठेवला आणि गप्प बसून राहिल्या. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं. त्यांच्या मागचा खिडकीचा पडदा फुगत होता, बसत होता. अफ्रीनने कुर्त्याचं टोक सोडलं.

"अटकलं वाटतं," काकासाहेब म्हणाले. "प्रीती, नेट गेलं बघ. कॉल काट."

"नाही, थांबा—" नाहिद म्हणाली.

पण कॉम्प्युटरसमोर बसलेल्या प्रीतीने बटण दाबलं होतं. स्क्रीन काळी झाली.

"नेट गेलं नव्हतं. त्या थांबल्या होत्या. तेच त्यांचं उत्तर होतं!"

"आता गप बसायचे बी मार्क द्यायचे का?" काकासाहेब हसले. तिसऱ्याचं नाव वर लिहिलेला कागद त्यांनी पुढे सरकवला. "मोठ्या दवाखान्यातले हैत. जल्दी सही करा, चहा निवून राह्यला."

नाहिदने पेनला टोपण लावलं.

"माझी लेक दीड वर्ष गप्प आहे, काकासाहेब. तुम्हाला दोन मिनिटं निघाली नाहीत?"

"अवो ताई, पण—"

त्यांची नजर टेबलाकडे गेली. अफ्रीन काळ्या स्क्रीनकडेच बघत होती. तिचा तळहात टेबलावर पालथा होता, बोटं पसरलेली, त्या बाईंनी ठेवला होता अगदी तसा.

नाहिद तिच्याजवळ सरकून बसली आणि तिनेही आपला हात टेबलावर ठेवला.

प्रीतीने काकासाहेबांना विचारलं नाही. तिने डॉक्टर शिवकन्यांना पुन्हा कॉल लावला. रिंग वाजत राहिली, आणि खोलीत कुणीच बोललं नाही.