तुऱ्याला सांग

तुऱ्याच्या नातीचा ड्रम ऐकायला आम्ही दोघे म्हातारे त्या मैदानावर गेलो, तेव्हा त्याच्या मुलीने त्याला माझ्या हवाली केलं होतं. हवाली हा शब्द तिचाच. दारात तिने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली, तिच्यात पाण्याची बाटली, पातळ शाल आणि गोळ्यांची डबी होती, आणि म्हणाली, "काका, साडेपाचला पांढरी गोळी. जिना चढू देऊ नका. आणि नाचायला लागले तर धरून बसवा."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" तुऱ्या आतून बूट घालता घालता ओरडला.

"बाळ परवडलं. बाळाचं हृदय तरी नवं असतं." मग तिने आवाज खाली आणला. "पोरीने हट्ट धरला म्हणून सोडते आहे, काका. नेताय तसे परत आणा."

मी मान हलवली. मी मुळात कमी बोलतो. म्हणूनच तुऱ्या मला साठ वर्षं मुक्या म्हणत आला आहे, आणि त्याच्या डोक्यावर एके काळी कोंबड्यासारखा केसांचा झुपका उभा राहायचा म्हणून तो तुऱ्या. झुपका कधीच गेला, नाव तेवढं उरलं.

मैदानाच्या एका टोकाला लोखंडी पाइपांचा उंच मंच बांधला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे काळे स्पीकर एकावर एक रचले होते. मंचासमोर तरुण पोरापोरींची दाटी उभी होती, मग एक दोरी, आणि दोरीच्या अलीकडे चढावर आमच्यासारख्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. चार वाजले होते. ऊन आमच्या पाठीवर होतं, त्यामुळे पुढच्या गर्दीतलं कोणी मागे वळून पाहिलं की त्याचा चेहरा दिवा धरल्यासारखा उजळे. दोरीला टेकून उभ्या असलेल्या एका निळ्या केसांच्या मुलीने आम्हांला कापसाचे बोळे देऊ केले.

"कानात घाला, आजोबा. फार आवाज होणार आहे."

"पोरी, आमचे कान गिरणीने केव्हाच खाल्लेत," तुऱ्या म्हणाला. "तूच घाल. तुझे अजून कामाचे आहेत."

आणि मग आवाज सुरू झाला. खुर्चीचे पाय थरथरले, बाटलीतल्या पाण्यावर रेघा उठल्या, छातीच्या फासळ्या आतून कोणी वाजवाव्यात तशा वाजू लागल्या. शेजारचे लोक एकमेकांच्या कानाला तोंड लावून किंचाळत होते आणि तरी त्यांना काही कळत नव्हतं. आम्ही दोघे मात्र आरामात गप्पा मारत होतो.

हे सांगायला हवं. आम्ही कापडाच्या गिरणीत विणाई खात्यात होतो, बत्तीस वर्षं, शेजारशेजारच्या मागांवर. चारशे माग एकदम चालत तिथे कानाचा उपयोग नसतो. नवा माणूस तीन महिन्यांत ओठ वाचायला शिकतो, आणि स्वतः बोलताना ओठ असे मोठे, सावकाश उघडायला शिकतो की वीस हातांवरच्या माणसालाही शब्द दिसावा. आवाज काढायचाच नाही, नुसता दाखवायचा.

"त्या पोराची पँट बघ," तुऱ्याने ओठांनी म्हटलं. "गुडघ्याला केवढी भोकं. आपल्या मागावरून असं कापड उतरलं असतं, तर मुकादमाने दोघांना घरी बसवलं असतं."

"विकत घेतली असेल तशीच."

"म्हणजे आपण उगाच बत्तीस वर्षं धागे जोडत बसलो म्हण की!"

मी हसलो. फार दिवसांनी त्याचा चेहरा असा सैल झालेला पाहत होतो. त्याला दूरचं धूसर दिसतं, हातभर अंतरावरचे ओठ तेवढे वाचता येतात, म्हणून मी खुर्ची त्याच्याकडे वळवून बसलो होतो. पाच वाजता त्याची नात मंचावर आली, सगळ्यांच्या मागे, ड्रमांच्या घोळक्यात बसली, आणि तिने दोन काठ्या डोक्यावर आपटल्या. तुऱ्याने माझं मनगट पकडलं. लाल रुमाल बांधलेली तीच ना, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मंचाजवळच्या एका मुलीने मागे वळून एक बोट आपल्या डोक्यावर उभं धरलं.

नाचाचा काही प्रकार असेल असं मला वाटलं. पोरं हातांचे नाना चाळे करत होती. पण तिच्या मागचा दाढीवाला पोरगाही वळला, त्यानेही एक बोट टाळूवर ताठ उभं धरलं, ओठ मोठे, सावकाश उघडले, आणि काम झाल्यासारखा पुन्हा मंचाकडे वळून गाऊ लागला. मग त्याच्या मागची बाई. मग तिच्या मागचा चश्मेवाला.

खात्यात प्रत्येकाची एक खूण असे. माझी ओठांवर आडवी दोन बोटं. तुऱ्याची, टाळूवर उभं एक बोट. बाहेरून कोणासाठी फाटकावर निरोप आला की तो पहिल्या मागापासून निघे. आधी खूण, मग शब्द, मग पुढचा माणूस. निरोप देणारा पाठ फिरवून आपल्या मागाकडे वळे, आणि घेणारा तोच निरोप तसाच पुढे देई. त्यात आपलं काही घालायचं नाही, त्यातलं काही काढायचं नाही, आणि काही झालं तरी ठेवून घ्यायचा नाही. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण निरोप अडवणाऱ्याशी खात्यात कोणी बोललं नसतं.

गिरणी बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली. समोरच्या पोरांमध्ये निम्मी तेव्हा जन्मलीही नव्हती.

निरोप वाकडातिकडा येत होता, कुठे उजवीकडे सरकत, कुठे एखादा माणूस लवकर वळत नसे म्हणून खोळंबत. बाकीची सगळी गर्दी मंचाकडे तोंड करून गात होती, आणि एका वेळी फक्त एक चेहरा वळून उन्हात उजळे आणि विझे. दहा रांगा राहिल्या तेव्हा मला पहिले शब्द वाचता आले. तुऱ्याला सांग. गाण्यात असलं काही नव्हतं. गाण्याचे शब्द शेजारी बसलेल्यांच्या ओठांवर मला दिसतच होते.

सात रांगा. पाच.

मी तुऱ्याकडे पाहिलं. तो मांडीवर बोटांनी ठेका धरून बसला होता. त्याला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. त्याच्यापर्यंत काहीही पोचायचं, तर ते माझ्याकडूनच.

एकदा मी निरोप अडवला आहे. तुऱ्याची बायको आजारी होती, त्या पायी त्याचे खाडे झाले होते, आणि पुन्हा माग सोडलास तर कायमचा सोड, असं मुकादमाने त्याला सकाळीच बजावलं होतं. पाळी सुटायला अर्धा तास होता. निरोप माझ्यापर्यंत आला: तुऱ्याला सांग, फाटकावर त्याचं माणूस आलंय, असेल तसा निघ म्हणावं. अर्ध्या तासाने काय बिघडणार आहे, असं मला वाटलं. खरंच तेवढंच वाटलं. मी मागाकडे वळलो. तो दवाखान्यात पोचला तेव्हा ती जाऊन दहा मिनिटं झाली होती. नंतर त्याने एकदाच विचारलं, मला कोणी बोलावलं होतं का रे, आणि मी नाही म्हणालो.

दोन रांगा. एक. दोरीला टेकलेली निळ्या केसांची ती मुलगी वळली, तिने टाळूवर बोट उभं धरलं, आणि माझ्याकडे पाहत ओठ उघडले.

तुऱ्याला सांग, फाटकावर त्याचं माणूस आलंय, असेल तसा निघ म्हणावं.

सवय फार वाईट. माझी मान आपोआप तुऱ्याकडे वळली होती, ओठ पुढे आले होते. मी ते दातांखाली धरले आणि वरून तळहात दाबला.

मुलगी वळली नाही. घेणाऱ्याने मान हलवून निरोप घेतल्याचं दाखवेपर्यंत देणाऱ्याने वळायचं नसतं. ती तशीच बोट धरून उभी राहिली. मग तिच्या पुढचा माणूस पुन्हा मागे वळला, का थांबलंय ते पाहायला वळावं तसा. मग त्याच्या पुढची बाई. एकेक करत मंचापर्यंतची ती सगळी वाकडी ओळ वळली, वीस-बावीस चेहरे, सगळ्यांवर ऊन, सगळे माझ्याकडे पाहणारे. आणि त्यांच्यावर, मंचाच्या मागच्या भागात, हात ड्रमवर चालू असतानाच, लाल रुमाल बांधलेल्या नातीने हनुवटी वर केली.

"बघ, आपल्याकडे बघतेय!" तुऱ्या उभा राहिला. त्याला एवढंच कळलं होतं की तो लाल ठिपका वर झाला आहे. "काही म्हणतेय का रे? काय म्हणतेय?"

एवढ्या लांबून दिसायला नकोत, पण मला तिचे ओठ स्वच्छ दिसत होते.

तळहात काढून मी म्हटलं, "आजोबा म्हणतेय."

तो इतका हसला की त्याचे डोळे मिटले. मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि गाणं संपेपर्यंत माझ्या स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिलो.

गाणं थांबलं तसे सगळे पुढे वळून टाळ्या वाजवू लागले. निळ्या केसांच्या मुलीने डोळे मिचमिचवले. "आजोबा, बरं वाटत नाही का तुम्हांला?"

"तू मला काही सांगत होतीस का, बाळ?"

"मी? नाही तर." मग तिला आपलं बोट अजून केसांत उभं आहे असं जाणवलं. तिने ते खाली घेऊन त्याच्याकडे जरा पाहिलं आणि खिशात घातलं.

मी तुऱ्याला पांढरी गोळी दिली, शाल गुंडाळली आणि तो कुरकुर करत असतानाच त्याला बाहेर काढलं. बसमध्ये तो बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसला होता. मग माझ्याकडे वळून, आवाज न काढता, त्याने विचारलं, "मुक्या, मला कोणी बोलावलं होतं का?"

"नाही."

त्याने मान हलवली. "तेव्हाही तू असाच पटकन नाही म्हणाला होतास," असं म्हणून तो पुन्हा बाहेर पाहू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याच्या मुलीने दार उघडलं तेव्हा माझ्या खांद्यावरून गोणी उतरल्यासारखं वाटलं. "आणलंत तसेच," ती म्हणाली. "बसा, काका. थोडं काम आवरते आणि चहा टाकते." ती स्वयंपाकघरात गेली, मिक्सर सुरू झाला, त्याचा खरखराट घरभर पसरला, आणि त्या खरखराटात ती माझ्याकडे वळली आणि तिने टाळूवर बोट उभं धरलं. मी मान खाली घातली. मिक्सर थांबला.

"साखर किती, काका?"

"घालू नकोस," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी रोज त्याच्याकडे जातो. घर शांत असतं तोवर काही होत नाही. कुकरची शिटी, पाण्याचा पंप, रस्त्यावर उभा राहिलेला ट्रक, असं काही सुरू झालं की मी माणसांच्या तोंडाकडे पाहत नाही. तुऱ्या ठीक आहे. जेवतो, माझी टिंगल करतो, नात आली की मांडीवर ठेका धरतो. एकोणीस दिवस झाले. निरोप माझ्यापाशी थांबला आहे आणि माझ्यापाशीच राहील, असं मी ठरवून टाकलं होतं.

काल सकाळी मी दाढी करत होतो. नळ जोरात सोडला होता, पाणी बेसिनवर आदळत होतं, आणि आरशात माझे ओठ मोठे, सावकाश उघडत होते. मला ते हलल्याचं कळतही नव्हतं. मी नळ बंद केला. ते थांबले.

आज मी तोंडावर रुमाल बांधून गेलो. दाढ दुखते आहे, असं मुलीला सांगितलं. तुऱ्या खिडकीशी बसला होता. त्याने रुमालाकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहू लागला. अकराच्या सुमारास खाली रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं. तावदानं थरथरू लागली, टेबलावरचा चमचा बशीत नाचू लागला.

तुऱ्याने आपली खुर्ची ओढत माझ्यासमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"काढ तो," त्याचे ओठ म्हणाले.

मी मान हलवून नाही म्हटलं. रुमाल माझ्या ओठांवर आत-बाहेर होत होता.

तो हसला, लहान मुलाचा हट्ट पाहून हसावं तसा, आणि दोन्ही हात माझ्या मानेमागे नेऊन सावकाश गाठ सोडू लागला.