पाहुण्याचा हार

बसा हो, निवांत बसा. गाडीचं पंक्चर निघेस्तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. चित्राची हाय. टेम्पोवाल्याच्या तोंडी चित्राची गोष्ट म्हणून हसू नका, ऐका.

मी सर्जेराव, धायरीचा. शाळा आपली चौथीपर्यंत, तीबी अर्धी मास्तरांच्या म्हशीमागं. फ्रिज, कपाटं, लग्नाचं सामान, काय असेल ते नेतो. चित्रंबी नेतो. त्यांचा ताप वेगळा. मधे मधे गोधड्या घालायच्या, आणि स्पीडब्रेकर आला की पहिलटकरणीला दवाखान्यात न्यावं तशी गाडी न्यायची. पण चित्राकडं बघायचं कधी डोक्यात आलं नाय. आपण बघितले ते जत्रेच्या तंबूतले सिनेमे आणि चौकातले फ्लेक्स. गॅलरीत माल उतरवायचा आणि मागल्या दारानं बाहेर.

मागच्या हिवाळ्यात येरवड्याच्या एका पोरीची चित्रं उचलली. माहेनूर नाव तिचं. कर्वे रोडच्या बाजूला एका गॅलरीत न्यायची होती. तिथं उतरवताना एकाचं प्लॅस्टिक फाटलं, आणि आतनं ज्ञानदेव माझ्याकडं बघत होता.

फ्रेम भिंतीला टेकवली आणि उरलेलं प्लॅस्टिकबी फाडलं.

ज्ञानदेव म्हणजे माझा लंगोटीयार. दोघांची वावरं बांधाला बांध. वावरं गेली, बिल्डिंगा आल्या. मी टेम्पो घेतला, आणि ज्ञानदेव त्याच्याच वावरात उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. शिट्टी वाजवायचा, गाड्यांचे नंबर लिहायचा. जिथं त्याची विहीर होती तिथं पोहायचं टाकं बांधलं होतं, त्यात पाय घालायचीबी त्याला बंदी. एक दिवस टेबलावर शिट्टी ठेवली आणि निघून गेला. कुठं, ते कुणाला ठाऊक नाय. पोलिसांत सांगितलं, देवऋषी केले, दवाखाने धुंडाळले. वर्षं गेली, काय नाय.

मागं बायको राहिली, तुळजाबाई. आणि पोरगी वैष्णवी. पोरीला स्थळं यायची. पाहुणे पोहे खायचे आणि विचारायचे, "मुलीचे वडील काय करतात?" आता काय सांगायचं? हायेत म्हणावं तर दाखवा म्हणतील, नाहीत म्हणावं तर आईच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू. पाहुणे उठून जायचे. ज्ञानदेवाचा धाकटा भाऊ दत्तोबा दर वेळी म्हणायचा, "वहिनी, त्याच्या नावानं पिठाचा पुतळा जाळू, दहावं उरकू. पोर तरी मार्गी लागंल."

वहिनी म्हणायची, "तुमचा भाऊ मेलेला बघितलाय का तुम्ही? मग गप बसा."

अशी बाई. म्हणून ते चित्र बघितल्यावर मला वाटलं, माहेनूरला लगेच विचारावं. पण ती दिव्यांवरनं इलेक्ट्रिशियनशी भांडत होती आणि मला पुढचं भाडं होतं. म्हटलं, संध्याकाळी उद्घाटन हाय, वहिनीलाच आणतो. तिच्या नवऱ्याची खबर तिनंच विचारावी.

धायरीत जाऊन सांगितलं. वहिनी पीठ मळत होती. तसाच गोळा ठेवून उठली.

"भावजी, नक्की तेच?"

"डाव्या भुवईवर विळ्याची खूण हाय. माझ्याच हातानं झालेली."

"कसे दिसतात?"

"वाळलाय. दाढी वाढलीय. पण हाय तो."

तिनं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. हातभर बांगड्या घातल्या. म्हणाली, "बघायला कुणी नाय हो, पण ते तिथं असतील तर?" मी म्हटलं, "वहिनी, चित्र हाय फक्त." पण माझ्याबी मनात तेच होतं.

गॅलरीबाहेर गाड्याच गाड्या. टेम्पो लावायला जागा नाय. मी वहिनीला दारात सोडलं, म्हटलं आत जा, मोठं चित्र हाय, समोरच दिसंल, मी आलोच.

आता मी बाहेर असताना आत काय झालं, ते मला माहेनूरनं नंतर सांगितलं. मुख्य पाहुणे कुणी पुढारी होते. त्यांच्या गळ्यात गुलाबाचा जाडजूड हार घातला. पुढाऱ्यांची सवय तुम्हाला ठाऊक हाय, हार घातला की फोटो निघेस्तोवर ठेवायचा आणि लगेच काढून कुणाच्या तरी हातात द्यायचा. त्यांनी दिला शिपायाच्या हातात. त्याच्या दुसऱ्या हातात सामोशांचा ट्रे. हार ठेवावा कुठं? सगळ्यात मोठी फ्रेम समोर होती, तिच्या दोन कोपऱ्यांवर त्यानं तो अडकवून दिला. बरा दिसला म्हणून कुणी काढलाबी नाय.

आणि वहिनी दारातनं आत गेली.

हार घातलेला नवरा तिनं बघितला. हिला कोण सांगणार की हा हार पाहुण्याचा हाय? तिनं कुणाला काय विचारलंच नाय. भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हात भिंतीवर आपटले. एकदा, दोनदा, बांगड्या संपेस्तोवर. पांढऱ्या भिंतीवर रक्ताचे ओरखडे, खाली हिरव्या काचा. मग पदरानं कपाळ पुसलं.

मी आत आलो तेव्हा लोक गोल करून उभे होते. मोबाईल वर. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "परफॉर्मन्स असेल." आणि मागनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या हो. आणखी दोघांनी वाजवल्या. मग वहिनीचं मनगट ठिबकताना दिसलं आणि बंद पडल्या.

मी तो हार ओरबाडून काढला. ओरडलो, "कोणी घातला हा? कोण मेलंय इथं?"

माहेनूर धावत आली. "काका, नाही हो! ते आहेत! मी दिवाळीच्या आधी काढलंय त्यांना, येरवड्याच्या पुलाखाली. ते मला चहा आणून द्यायचे. चित्र दाखवलं तर म्हणाले, डोळे फार चांगले काढलेस गं, माझे एवढे चांगले नाहीत."

मी वहिनीसमोर बसलो. "ऐकलं का? जित्ता हाय. हा पाहुण्याचा हार हाय, चुकून घातला."

वहिनीनं माहेनूरकडं बघितलं. आवाज एकदम थंड. "पोरी, माझी समजूत काढू नकोस. भिंतीवरच्या तोंडाला हार घालतात तो कधी? घरात बघ, सिनेमात बघ. जित्त्या माणसाला घालतात का?"

"आंटी, खरंच चूक झाली."

"चूक माझी झाली. एवढी वर्षं कुंकू लावलं."

त्याच पावली तिला घेऊन येरवड्याला गेलो. माहेनूर संगं बसली, टेम्पोत, माझ्या गोधड्यांवर. पुलाखाली गेलो तर कुणी नाय. सगळं झाडून साफ. खांबांवर ताजी चित्रं काढलेली, मोर, कमळं, नाचणाऱ्या बाया. रंगाचा वास येत होता. समोरचा चहावाला अल्ताफ म्हणाला, "वो भुवईवाले बाबा? रंगकाम सुरू झालं तेव्हा सगळ्यांना उठवलं ना इथून. मोठी गाडी आली होती. कुठं सोडलं, माहीत नाही. कोण म्हणतं सोलापूर रोड, कोण म्हणतं नगरकडं."

माहेनूर रडायला लागली. वहिनी त्या मोराकडं बघत बसली. मग म्हणाली, "चला भावजी. पीठ तसंच राहिलंय."

दत्तोबानं पिठाचा पुतळा केला. मी आडवा आलो. म्हटलं, "दत्तोबा, माणूस जित्ता हाय, चित्रवाल्या पोरीनं बघितलाय." तो म्हणाला, "मग आण. उभा कर इथं. न्हाय ना जमत? मग बाजूला हो." वहिनीला म्हटलं, तुम्ही तरी बोला. ती म्हणाली, "भावजी, बांगड्या मी फोडल्या. माझ्या हातानं. आता ते आले तरी मी कुठल्या तोंडानं त्यांच्या समोर उभी राहू?"

घाटावर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. दत्तोबा माझ्याकडं बघून म्हणाला, "झालं ना समाधान?" त्या घाटावरचे कावळे कुणाच्याबी पिंडाला शिवतात, खाऊन खाऊन माजलेत.

मग वैष्णवीचं ठरलं, पहिल्याच स्थळाला. आता वडील काय करतात म्हणून कुणी विचारत नाय, भिंतीवर फोटो हाय. माहेनूरनं ते चित्र विकलं नाय. तिच्या घरात भिंतीकडं तोंड करून ठेवलंय म्हणते.

मी मात्र बघत असतो. सोलापूर रोडला भाडं मिळालं की प्रत्येक पुलाखाली गाडी हळू करतो. मागचे शिव्या देतात, देऊ दे. क्लीनर म्हणतो, मालक, भुतं शोधताय काय?

हे बघा, तुमचं पंक्चर निघालं. तुम्ही त्याच रस्त्यानं निघालात म्हणून म्हणतो. डाव्या भुवईवर खूण असलेला, वाळका, दाढीवाला म्हातारा कुठं दिसला तर गाडी थांबवा. चहा पाजा. मोबाईल वर करू नका, तो बुजेल. वैष्णवीचं लग्न ठरलंय एवढं सांगा, हसेल बघा. आणि मला फोन करा. दहाव्याचं मात्र बोलू नका. ते मी सांगतो.