राखून ठेवलेली अर्धी नळी

अरबी समुद्राच्या तळातून उपसलेल्या चिखलाच्या नळीत हेमांगी केरकरच्या आईचं स्वयंपाकघर निघालं. प्रयोगशाळेत कुणाला नवल वाटलं नाही. समुद्र काय वाट्टेल ते जपून ठेवतो, त्याला काही ताळतंत्र नाही.

नळी उभी चिरली, तसे थर दिसले. दमदार पावसाच्या काळातले काळपट, वाळवंटी धूळ उडालेल्या काळातले फिके, आणि मधेच एक फोडणीचा पिवळा. हेमांगी रांगत होती तेव्हाच आई गेली होती. आई आपल्याला काय म्हणून हाक मारायची, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"अर्धी नळी तुझी," विभागप्रमुख सामंत सर म्हणाले. "दुसरी राखीव. तिला हात लावायचा नाही. पुढं येणाऱ्यांनाही काही हवं असेल."

"माहीत आहे, सर."

तिनं चिखल चाळला. खसखशीएवढे शिंपले निघाले. शिंपला आम्लात टाकला की फसफसायचा आणि विरताना त्यातला आवाज एकदाच ऐकू यायचा. बांगड्या. उतू जाणारं दूध. "अगं बाई, पुन्हा मुठीत माती!" हेमांगी खुदकन हसली आणि तिला एकदम रडूच कोसळलं. समुद्र आंबट झाला होता त्या काळातल्या थरातले शिंपले पातळ होते. त्यांत आई खोकत होती.

अधाशासारखी ती शिंपले विरघळवत गेली. खोलीच्या भिंती वाकत वाकत गोल झाल्या, तिकडं तिचं लक्षही नव्हतं. शेवटच्या शिंपल्यात आई म्हणाली, "ये गं माझी..." आणि तिची अर्धी नळी संपली.

उरलेली हाक राखीव अर्ध्या नळीत होती. हेमांगीनं सुरी उचलली.

"ऐकलीस की संपली," सर दारातून म्हणाले. दार आता नळीच्या तोंडाएवढं झालं होतं.

"मग मी काय करू?"

"मला नको विचारूस. त्याच नळीत, तुझ्या आईच्या खालच्या थरात माझी आई आहे."

हेमांगीनं सुरी खाली ठेवली आणि आपल्या रिकाम्या अर्ध्या नळीत आडवी झाली. नळी तिला बरोब्बर बसली. सरांनी राखीव अर्धी हलक्या हातानं तिच्यावर उपडी घातली.

"थंडी वाजते?"

"नाही, सर."

चिखलापलीकडून कुणीतरी तिला थोपटायला लागलं. हेमांगीनं हळूच मूठभर माती घेतली आणि वाट बघत राहिली.